बायकांच्या रांगेतली रेवाबाई

तुमसर रोड

धाकट्या भावाने चहा सोडल्याचं पत्र आलं, तेव्हाच मला वाटलं, पाणी कुठंतरी मुरतंय. सुधाकर म्हणजे सकाळी डोळे उघडायच्या आधी कप शोधणारा माणूस. सर्वेअर म्हणून भंडारा जिल्ह्यात गेला, दोन वर्षं रजा घेतली नाही, आणि एक दिवस पोस्टकार्डावर लिहिलं की चहा, कॉफी, तंबाखू सगळं सोडलं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास करतो, आणि एका अमेरिकन पंथात नाव घातलं आहे. आईने कार्ड दोनदा वाचलं आणि माझ्या हातात दिलं. "तू इंग्रजी शिकवतेस ना? मग जा आणि काय ते समजून ये."

पंथाचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते चहावरून ओळखतील.

एकोणऐंशी साल संपत आलं होतं. निवडणुकीची धामधूम होती. साताऱ्याहून निघून तुमसर रोडला उतरले तोवर वाटेतल्या प्रत्येक भिंतीवरची चिन्हं पाठ झाली होती. त्या दिवसांत 'परकीय हात' हा शब्द फार चालायचा. पाऊस पडला नाही तरी परकीय हात आणि गिरणी बंद पडली तरी परकीय हात. मी तशी हसणाऱ्यांतली. पण माझ्याच भावाच्या पाठीवर तो हात पडल्यावर हसू गेलं. स्टेशनवर सुधाकर न्यायला आला होता. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, चेहरा उजळलेला, थोडा जाड झालेला. फसवलेला माणूस इतका तजेलदार कसा, याचाच मला संशय आला.

"ताई, चहा घेणार ना? मी थांबतो," तो म्हणाला, आणि मी स्टॉलवर दोन कप प्यायले तोवर शेजारी हाताची घडी घालून उभा राहिला. त्या नजरेसमोर चहासुद्धा चोरून प्यायल्यासारखा लागला.

सिहोरा

तुमसरहून सिहोऱ्यापर्यंत बस धानाच्या शेतांतून जाते. आमच्याकडे शेत म्हटलं की ज्वारीचं लांबच लांब रान. इथं छोटे छोटे बांध घातलेले तुकडे, त्यांना बांधी म्हणतात. कापणी झालेली होती. बांध्यांत नुसती खुंटं आणि मधूनमधून धानाचे पुंजणे रचून ठेवलेले. गावाबाहेर एक बोडी, म्हणजे लहान तळं. याच बोडीत सुधाकरने डोक्यापर्यंत बुडून नवा धर्म घेतला होता. पाणी थंड होतं का, एवढंच मी विचारलं.

सुधाकरचं घर म्हणजे एका व्यापाऱ्याचं जुनं धानाचं कोठार. पुढं एक मोठी खोली, मागं एक लहान, आणि तिच्या मागं पडवी. रविवारी इथंच मंडळी जमायची. सगळी मिळून पंधरा-सोळा माणसं. पगारी पाद्री नाही; ज्याला सांगितलं त्याने बोलायचं. हे मला बरं वाटायला हवं होतं, पण मला वाटलं, पगार नाही म्हणजे नक्कीच दुसरं काहीतरी मिळत असणार. मी पेट्यांमागं, फडताळात, गादीखाली नजर टाकली. गाद्यांखाली ढेकूण निघाले.

संशय घेणारी मी एकटी नव्हते. दुसऱ्या दिवशी पाणी भरायला गेले तर विहिरीवरच्या बायका गप्प झाल्या. शेजारी राहणारे बौद्ध गुरुजी शेवटी स्वतःच विचारायला आले.

"राग नोका मानू बाई, पन तुमी सीआयडीच्या आहा काय जी?"

"मी शाळेत इंग्रजी शिकवते."

"तेच तं. इंग्रजी येते, वही घेऊन फिरता, सगळ्याइले विचारून राहिल्या. गावाले वाटते, सरकारनं धाडलं."

मी त्यांनाच विचारलं, तुम्हाला या मंडळीने बोलावलं नाही का? गुरुजी हसले. "बोलावलं होतं जी. आमी छप्पन साली एकडाव बदललो. तेवढं पुरे आहे." आणि मग, जाता जाता, "तुमचा भाऊ पन चांगला मानूस आहे. फक्त चहा पाजत नाही."

जेवणात भात, लाखोळीचं वरण, वांग्याची भाजी आणि वर भरपूर सांबार. सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर, हे मला तिसऱ्या घासाला कळलं. तोवर मी पातळ काहीतरी यायची वाट बघत होते. स्वयंपाक करून देणारी बाई दारातून आत आली आणि मी घास हातातच धरून बसले. उंच, रुंद खांद्यांची, चापूनचोपून नेसलेलं हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, पन्नाशीला आलेली. तिने "जेवा जी पोटभर" म्हटलं आणि आवाज खर्जातला निघाला.

ही रेवाबाई. ती गेल्यावर मी सुधाकरकडे नुसतं पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "आंबागडला जन्मली तेव्हा घरच्यांनी रेवाराम नाव ठेवलं होतं. दंडारीत बाईचं सोंग घ्यायची. इकडे हिवाळ्यात गावोगाव दंडारी होतात, म्हणजे नाचगाण्याची नाटकं, त्यात बायकांची कामं पुरुषच करतात. एका वर्षी दंडार संपली आणि हिने लुगडं उतरवलंच नाही. घरच्यांनी हाकलली. सिहोऱ्याला आली त्याला वीस वर्षं झाली."

"आणि तुमच्या मंडळीत?"

"दोन वर्षांपासून आहे. माझ्याआधीपासून. इथं तिला सगळे बहीण म्हणतात, ताई. आयुष्यात पहिल्यांदा म्हणतात." मग त्याने दार लोटून घेतलं. "शनिवारी दिल्लीहून आमचे अमेरिकन पुढारी डॉयलसाहेब येतील. त्यांना हे माहीत नाही. तीन-चार महिन्यांनी येतात, मराठी येत नाही. आम्ही लपवलं नाही, पण त्यांनी विचारलंही नाही. तू हा विषय काढू नकोस."

झालं. 'काढू नकोस' म्हटल्यावर माझ्या संशयाला शेपूट फुटलं. जो पंथ खोटं बोलू नका म्हणतो, त्याच्या पुढाऱ्यापासून हे का दडवायचं? आणि या बाईचा माझ्या भावावर एवढा काय अधिकार? मी मनातल्या मनात नको ते सगळं जोडून पाहिलं. आज लिहिताना लाज वाटते, पण पाहिलं.

आंबागड

शुक्रवारी रेवाबाई मला आंबागडचा किल्ला दाखवायला घेऊन निघाली. सोबत अनुसया, शेजारच्या शेतकऱ्याची बायको, तीही मंडळीतलीच. किल्ला टेकडीवर, वाट सागाच्या पाचोळ्यातून. चढताना माझी चप्पल तुटली. रेवाबाईने पळसाच्या मुळीचा तंतू काढून ती अशी बांधून दिली की साताऱ्याच्या चांभाराला जमणार नाही. वर पडके बुरूज, उंच गवत आणि खाली उन्हात चमकणाऱ्या बोड्या. मी इतिहास विचारला तर दोघींनाही ठाऊक नव्हता. रेवाबाईने बुरुजावरून एक कौलारू घर दाखवलं. "थे माह्या बापाचं घर. वीस वरसं झाले, मी वरूनच पायतो." 'पायतो' म्हणाली, 'पायते' नाही. बापाच्या घराचा विषय निघाला की तिची भाषा तेवढी मागं जायची.

उतरताना तिने डबा सोडला. तांदळाची भाकर आणि वालाच्या शेंगांची भाजी. ती भाकर मऊ आणि पांढरीशुभ्र होती. अनुसया म्हणाली, "रविवारची भाकर बी हेच करते. प्रभूच्या नावानं जे भाकर आन् पानी वाटते ना, ते हिच्याच हातचं. साहेब मनते, एवढी नरम भाकर दिल्लीत बी नाही भेटत."

मी माझा प्रश्न अनुसयाला एकटीला गाठून विचारला. तुमच्यात भजन झालं की पुरुष पुढच्या खोलीत आणि बायका मागच्या पडवीत बसतात ना? मग ही पडवीत बसते, ते तुम्हा बायकांना चालतं?

अनुसयाला प्रश्नच कळेना. "कायले नाही चालत? बाई, रोवनीत गडी धानाचे परे उपटते, बाया ते रोपं चिखलात रोवते. रेवा आली त्या साली पयल्याच दिवशी गड्याइनं तिले हाकलून देल्लं. ते बांधावर उभी राहून रडे. माह्या सासूनं तिचा हात धरला, बायांच्या रांगेत आनली, मनली, वाक आन् रोव. तवापासून ते आमच्याच रांगेत आहे. ते गोस्ट तवाच मिटली."

म्हणजे सिहोऱ्याच्या बायकांनी वीस वर्षांपूर्वी चिखलात उभं राहून निकाल दिला होता, आणि त्यावर पुन्हा कोणी अपील केलं नव्हतं. हे ऐकून माझ्यातल्या शहाण्या बाईनं गप्प बसायला हवं होतं. पण म्हणतात ना, अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

शनिवार

डॉयलसाहेब जीपमधून आले. मी कल्पना केली होती काळ्या चष्म्याची, कुजबुजणाऱ्या माणसाची. उतरला तो साठीचा, लाल नाकाचा, गुडघेदुखीने त्रासलेला आजोबा. आपल्या देशात गाईंच्या गोठ्यात आयुष्य काढलेला. त्याने गुरुजींच्या म्हशीच्या कासेला हात लावून बघितला आणि मान डोलावली. गुरुजीही खूश झाले. मी मात्र नाही. इतका साधा माणूस इतक्या लांब कशाला येईल, हा माझा मुद्दा कायम होता.

आणि मग मला हवं ते सापडलं. साहेब हात धुवायला गेले तेव्हा त्यांच्या उघड्या बॅगेत कागदांची चळत होती. वर एक छापील पत्रक. मी वाचलं. परवानगी घेतली नाही, हेही लिहून टाकते. त्यांच्या देशात बायकांना पुरुषांच्या बरोबरीचा हक्क राज्यघटनेतच लिहावा, असा वाद चालला होता. पत्रकात म्हटलं होतं की याला विरोध करा, आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहा. कारण असं की स्त्री आणि पुरुष यांच्यात देवाने ठेवलेला फरक त्याने पुसला जाईल.

परकीय हात शोधायला आले होते. हात सापडला, पण तो आपल्या निवडणुकीत नव्हता, त्यांच्याच राज्यघटनेच्या वादात गुंतला होता. तरी मी विजयी मुद्रेने जेवायला बसले.

जेवताना मी इंग्रजीत विषय काढला. "तुमची मंडळी राजकारण करत नाही, असं माझा भाऊ सांगतो."

"नाही करत," साहेब म्हणाले. ते बोटांनी भात कालवायचा प्रयत्न करत होते आणि अर्धा मांडीवर पडत होता. "कोणत्याही पक्षाला आम्ही मत द्या म्हणत नाही."

"मग पत्रं लिहा म्हणून का सांगता?"

त्यांनी बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावले नाहीत. "ते राजकारण नाही. तो नीतीचा प्रश्न आहे. पुरुष पुरुष आहे आणि स्त्री स्त्री आहे, जन्माच्या आधीपासून आणि मरणानंतरही. ही रेघ पुसली तर घर उरत नाही."

सुधाकरने मला पायाने ढकललं. मला कळलं होतं. पण वर्गात उलट उत्तर देणाऱ्या पोराला गप्प करायची पंचवीस वर्षांची सवय जिभेला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हणाले, "मग तुमच्याच मंडळीत ती रेघ कुठं आहे ते सांगा. तुमची बहीण रेवा बायकांच्या पडवीत बसते. ती जन्मली तेव्हा तिचं नाव रेवाराम होतं. दोन वर्षं तिच्या हातची भाकर खाताय, घर उरलंच की नाही?"

मला वाटलं, मी त्यांना कोंडीत पकडलं. कोंडीत कोण सापडलं ते मला सुधाकरचा चेहरा बघून कळलं.

साहेबांनी हात धुतला. "हे खरं आहे का, सुधाकर?" त्यांनी विचारलं. माझ्या भावाने त्या पंथात जाऊन खोटं बोलणं सोडलं होतं. तो हो म्हणाला. साहेबांनी बॅगेतून नियमांचं एक काळं पुस्तक काढलं आणि कंदिलाजवळ धरून बराच वेळ चाळलं. त्यात दवाखान्यात जाऊन पुरुषाची बाई व्हायची शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांविषयी कडक शब्दांत लिहिलं होतं. रेवाबाईने दवाखाना कधी पाहिलाही नव्हता. तिच्यासारख्या माणसाला त्या पुस्तकात ओळच नव्हती.

"मी वर लिहून विचारतो," साहेब म्हणाले.

"आणि उत्तर येईपर्यंत?" सुधाकरने विचारलं. साहेबांनी पुस्तक मिटलं आणि गुडघा चोळत बसले.

सुधाकरने माझं अंथरूण घातलं आणि स्वतःचं उचलून पडवीत गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

रविवार

सकाळी रेवाबाई धुतलेलं पिवळं लुगडं नेसून, डोक्यावर कळशी आणि हातात फडक्यात बांधलेली भाकर घेऊन आली. तिला काही माहीत नव्हतं. तिने नेहमीसारखी भाकर ताटात ठेवली, पाण्याचे लहान पेले भरले, एक पेला कलला होता तो सरळ केला.

भजन झालं. मग डॉयलसाहेब उठले आणि सुधाकरला शेजारी उभं केलं. साहेब इंग्रजीत बोलत होते, सुधाकर मराठीत सांगत होता. साहेबांचा आवाज जड झाला होता. ते ढोंग नव्हतं, आणि मला ते ढोंग असायला हवं होतं. ते म्हणाले, आपल्या एका भगिनीबद्दल, म्हणजे सभासदाबद्दल, वरून मार्गदर्शन मागवलं आहे. ते येईपर्यंत त्या सभासदाने भाकर-पाणी घेऊ नये. आणि खोल्या वेगळ्या झाल्यावर बसायचं ते पुरुषांबरोबर, पुरुषाचा पोशाख करून. कोणी वाईट वागणूक देऊ नये. दार उघडं आहे.

सुधाकरने सगळं सांगितलं, पण सरकारी नोटीस वाचल्यासारखं. कोणाकडे न बघता. तरी सगळी खोली रेवाबाईकडे बघत होती.

रेवाबाई उभी राहिली. पदर सारखा केला.

"साहेबाले सांगजा," ती सुधाकरला म्हणाली, "वीस वरसं मी बायांच्या रांगेत रोवनी केली. मी रोवलेल्या बांधीत धान झालाच ना? का धानानं विचारलं, तू बाई का मानूस? आज तुमी सारे माह्या हातची भाकर खासान. मंग मले काहून उठवून राहिले, तेवढं सांगा मनावं."

साहेब वाकून सुधाकरला विचारत होते, काय म्हणाली? काय म्हणाली ती?

सुधाकरचे ओठ हलले. "ती म्हणते, तिला समजलं आहे," त्याने इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी डोळे मिटून मान हलवली, आणि हळूच म्हणाले, देव तिचं भलं करो.

त्या खोलीत इंग्रजी आणि मराठी दोन्ही येणारी माणसं दोनच होती. एक तो आणि एक मी. मला फक्त उभं राहायचं होतं आणि तिची चार वाक्यं सांगायची होती. साहेब ऐकणारा माणूस होता, हे मी दोन दिवसांत पाहिलं होतं. कदाचित काही बदललं नसतं. पण मी पाहुणी आहे, मी आधीच नको तेवढं बोलले आहे, भावाला सगळ्यांसमोर खोटं कसं पाडू, असं सगळं मनात येत राहिलं आणि मी चटईची काडी मोडत बसले. शनिवारी गप्प बसायचं होतं तेव्हा बोलले आणि रविवारी बोलायचं होतं तेव्हा गप्प बसले. हा दोष मी कोणत्याही पंथावर ढकलू शकत नाही.

रेवाबाईने रिकामी कळशी उचलली आणि निघून गेली. ताट फिरलं. साहेबांनी तुकडा घेतला, सुधाकरने घेतला, सगळ्यांनी तिच्या हातची भाकर खाल्ली. फक्त अनुसयाने तुकडा न घेता ताट तसंच पुढं सरकवलं. खोल्या वेगळ्या झाल्या तेव्हा ती पडवीत न जाता दारातून सरळ रस्त्याला लागली.

बसथांबा

सोमवारी सुधाकर कामावर निघून गेला. माझी पिशवी दाराशी आणून ठेवली होती आणि वर केळीच्या पानात बांधलेल्या दशम्या. त्याने स्वतः केलेल्या असाव्यात, एक बाजू करपली होती. त्याला परत नेण्याचा विषय मी काढलाच नाही. कोणत्या तोंडाने काढणार होते?

थांब्यावर चहाची टपरी होती. तिथं रेवाबाई बसलेली. मी दुसऱ्या बाजूला वळायला बघत होते, तिने हाक मारली. "या जी बाई. बसाले येळ आहे."

तिला माहीत होतं. अनुसयाला गुरुजींनी सांगितलं असेल, गुरुजींना भिंतीपलीकडून रेवाराम हे नाव ऐकू आलं असेल. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "रेवाबाई, ते मी बोलले. शनिवारी. साहेबांना मी सांगितलं."

"मालूम आहे."

"मी मुद्दाम..." मुद्दाम नव्हतं म्हणणं खोटं झालं असतं. मुद्दामच होतं, फक्त तिच्यासाठी नव्हतं.

"तुमी खोटं थोडीच बोलल्या," ती म्हणाली. "खरं बोलाले बी टाइम पायजे जी." मग टपरीवाल्याकडे वळून, "बाईले एक चहा दे. मस्त अद्रक टाकून."

कप आला. एकच. मला आदल्या दिवसापासूनचा राग होता, स्वतःचा, त्या पुस्तकाचा, सुधाकरचा, आणि तो कुठंतरी काढायचा होता. मी म्हटलं, "तुम्हीही घ्या ना. आता तुम्हाला कोण अडवतंय? त्यांनी तर तुम्हाला उठवलं."

रेवाबाईने माझ्याकडे खुळीकडे बघावं तसं पाहिलं; किल्ल्यावर मी इतिहास विचारला तेव्हाही तिने तसं पाहिलं नव्हतं.

"त्याईनं मले थांबवलं, बाई," ती म्हणाली. "मी थोडीच सोडलं?"

आणि मी चहा पिईपर्यंत ती शेजारी हाताची घडी घालून बसून राहिली.